राजपुरी खाडी ते क्रूझ : तळा परिसराच्या संदर्भात कोकण किनाऱ्यावरील सागरी सहलीचा इतिहास

सारांश

सुट्टीत आनंदासाठी जहाजातून प्रवास करणे म्हणजेच 'क्रूझ', ही कल्पना महाराष्ट्रात अलीकडची मानली जाते. तथापि कोकण किनाऱ्यावर प्रवासी आगबोटींची परंपरा शतकाहून अधिक काळ नांदली. रायगड जिल्ह्यातील तळा परिसर हा राजपुरी खाडीमुळे या सागरी परंपरेशी जोडलेला होता. प्रस्तुत शोधनिबंधात किनारी आगबोटीचा प्रवास आणि आजची क्रूझ यांचा तुलनात्मक विचार केला आहे. प्रवासाचा हेतू, त्याची पूर्वतयारी, त्यातील आनंद, सुरक्षितता आणि किनाऱ्याशी असलेला संबंध या पाच अंगांनी हे विवेचन केले आहे. पहिल्यांदा क्रूझवर जाणाऱ्या कोकणी कुटुंबाला जहाज नवे नाही, पण मुक्कामाच्या गावाशिवायचा प्रवास नवा आहे. तसेच आजची क्रूझ कोकणाच्या समुद्रातून जाते, परंतु कोकणात थांबत नाही, हे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : तळा, मांदाड, राजपुरी खाडी, किनारी आगबोट, रामदास, क्रूझ पर्यटन.

१. प्रस्तावना

तळा हे रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. पूर्वी माणगाव तालुक्यात समाविष्ट असलेला हा भाग पुढे स्वतंत्र तालुका झाला. नकाशावर पाहिले असता तळा हे डोंगरातील गाव वाटते. गावाच्या पाठीशी तळगड आहे, भोवती डोंगरउतार व भातशेती आहे आणि समुद्र डोळ्यांना दिसत नाही. मात्र तालुक्याच्या अंगाने राजपुरी खाडीचे पाणी आत शिरते आणि मांदाडच्या बाजूस ते डोंगराच्या पायथ्यापर्यंत येते. म्हणून तळ्याला डोंगरी गाव म्हणावे की खाडीकाठचे, याचे उत्तर काळानुसार बदलत गेले आहे. जोपर्यंत जलमार्ग महत्त्वाचा होता तोपर्यंत ते खाडीचे गाव होते. रस्ते आणि रेल्वे आल्यावर ते डोंगराचे गाव झाले.

या बदलाचा एक परिणाम असा की, ज्या भागाचा बाहेरच्या जगाशी संबंध पाण्यावाटे जडला, त्या भागातील नव्या पिढीला जहाजाचा प्रवास ही अपूर्वाईची गोष्ट वाटू लागली. आज या परिसरातील एखादे कुटुंब पहिल्या क्रूझचा बेत आखते तेव्हा ते स्वतःला एका नव्या अनुभवाच्या उंबरठ्यावर समजते. हा अनुभव खरोखर किती नवा आहे, हा प्रस्तुत निबंधाचा मूळ प्रश्न आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

या अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) तळा परिसराचा सागरी पूर्वेतिहास थोडक्यात मांडणे. (२) किनारी आगबोटीच्या प्रवासाचे स्वरूप स्पष्ट करणे. (३) सहलीसाठी जहाज ही कल्पना कशी उदयास आली याचा मागोवा घेणे. (४) पहिल्या क्रूझच्या नियोजनाचा या पार्श्वभूमीवर विचार करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. क्रूझ उद्योगाच्या आर्थिक बाजूचे सविस्तर विवेचन या निबंधाच्या कक्षेबाहेरचे आहे.

३. तळा, मांदाड आणि राजपुरी खाडी

तळा तालुक्यातील कुडे येथील बौद्ध लेणी या परिसराच्या सागरी इतिहासाचा सर्वांत जुना ठळक पुरावा होय. येथे २६ लेणी असून ती खाडीच्या बाजूच्या डोंगरात खोदलेली आहेत. तेथील ब्राह्मी शिलालेखांत महाभोज या स्थानिक सत्ताधाऱ्यांचा आणि मांदव या नावाचा उल्लेख आढळतो. दान देणाऱ्यांमध्ये राजघराण्यातील व्यक्तींबरोबरच व्यापारी, सार्थवाह, लेखक, वैद्य आणि माळी अशा व्यवसायांतील लोक आहेत. एवढ्या निरनिराळ्या व्यवसायांची माणसे एका डोंगरावर दानधर्म करतात, याचा अर्थ खाली खाडीकाठी भरभराटीची वस्ती होती, असा निष्कर्ष काढणे वावगे ठरणार नाही.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस ऑफ दि एरिथ्रियन सी' या ग्रीक ग्रंथात कल्याणच्या पुढील बंदरांची यादी आहे. तीत सेमिल्ला म्हणजे चौलनंतर 'मंदगोर' हे नाव येते. काही अभ्यासक मंदगोर म्हणजेच मांदाड असे मानतात, तर काही ते बाणकोटच्या बाजूस शोधतात. हा वाद बाजूस ठेवला तरी पश्चिम समुद्रातून येणाऱ्या व्यापाराशी या खाडीचा संबंध होता, हे लेण्यांच्या साक्षीने मान्य करावे लागते.

मध्ययुगात राजपुरी खाडीचे महत्त्व लष्करी बनले. खाडीच्या मुखाशी जंजिरा हा सिद्दीचा जलदुर्ग होता. खाडीच्या आतल्या अंगाला तळगड आणि घोसाळगड हे किल्ले होते. शिवाजी महाराजांनी हे किल्ले स्वराज्यात आणले आणि १६६५ च्या पुरंदर तहात जे १२ किल्ले स्वतःकडे ठेवले त्यांत तळगड व घोसाळगड यांचा समावेश होता. तेवीस किल्ले देऊन बारा राखताना हे दोन गड राखले जातात, यावरून सिद्दीवर नजर ठेवण्याच्या दृष्टीने या भागाचे मोल लक्षात येते. ब्रिटिश काळात तळा हे कुलाबा जिल्ह्यात, तर खाडीच्या मुखाकडील मुरूड व दक्षिणेकडील म्हसळे, श्रीवर्धन हा भाग जंजिरा संस्थानात होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले.

थोडक्यात, लेणी, बंदर आणि गड या तिन्ही खुणा एकाच पाण्याकडे बोट दाखवितात. या पाण्यावरून व्यापारी आले, आरमारे फिरली आणि पुढे मुंबईचा चाकरमानीही याच समुद्रावरून घरी येऊ लागला.

४. किनारी आगबोटीचा काळ

वाफेच्या जहाजांमुळे कोकणचा प्रवास बदलला. त्यापूर्वी शिडाची गलबते वाऱ्याच्या मर्जीवर चालत. एका दिवसाचा प्रवास चार दिवसांचाही होई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई आणि कोकणातील बंदरे यांच्या दरम्यान शेफर्ड कंपनीच्या आगबोटी फिरू लागल्या. पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे नाव कोकणात घरोघरी झाले. विसाव्या शतकात देशी भांडवलावर उभ्या राहिलेल्या इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने स्पर्धा केली आणि आपल्या बोटींना 'तुकाराम', 'रामदास' अशी संतांची नावे दिली. परकीय कंपनीच्या बोटीऐवजी संताच्या नावाच्या बोटीत बसणे हा त्या काळी तिकिटाच्या दराइतकाच भावनेचाही प्रश्न होता. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई ते पणजी मार्गावरील 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' या बोटी एका संपूर्ण पिढीच्या स्मरणात राहिल्या.

मुंबईहून निघालेली बोट किनाऱ्याच्या कडेकडेने दक्षिणेस जाई. जंजिरा, श्रीवर्धन, बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही बंदरांची नावे चाकरमान्याला रेल्वेच्या स्टेशनांसारखी पाठ असत. सर्व बोटी सर्व बंदरे घेत नसत. अनेक ठिकाणी बोटीला धक्क्याला लागण्याएवढे पाणी नसे. अशा वेळी बोट समुद्रात उभी राही, किनाऱ्यावरून पडाव येत आणि उतारू, पेट्या, वळकट्या, म्हातारी माणसे व तान्ही मुले यांची हातोहात उतरवणूक होई.

तळा परिसरातील माणसाला मुंबईहून गावी येण्यासाठी भूगोलाने तीन वाटा दिल्या होत्या. धरमतरपर्यंत पाण्याने येऊन पुढे पेणच्या बाजूने रस्त्याने जाणे ही एक वाट. रेवदंड्याच्या खाडीतून रोहा-अष्टमीच्या बाजूस येणे ही दुसरी. जंजिऱ्याच्या बाजूस उतरून राजपुरी खाडीतून लहान होडीने वा मचव्याने भरतीच्या पाण्याबरोबर मांदाडकडे येणे ही तिसरी वाट होती. यांपैकी कोणतीही वाट धरली तरी समुद्र किंवा खाडी चुकत नसे. प्रवासाचे वेळापत्रक कंपनीच्या कार्यालयाइतकेच भरती-ओहोटीच्या हाती असे.

पावसाळ्यात हा समुद्र मिटे. मे महिन्याच्या अखेरीस किनारी बोटी बंद होत आणि पावसाचा जोर ओसरल्यावर त्या पुन्हा सुरू होत. त्यामुळे 'बोट सुरू झाली' हे वाक्य कोकणात केवळ वाहतुकीचे वृत्त नव्हते. मुंबईची मनिऑर्डर, पत्र, औषध आणि माणूस यांचा रस्ता मोकळा झाला, असा त्याचा अर्थ होता.

रस्ते सुधारत गेले तसतसा या बोटींचा आधार कमी झाला. मुंबई-गोवा महामार्गावरील एस. टी. गाड्या पावसाळ्यातही धावत. १९८० च्या दशकात रोह्यापर्यंत रेल्वे आली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली आणि इंदापूर हे तळ्याला जवळचे स्थानक झाले. तोपर्यंत किनारी प्रवासी बोटींचे युग संपले होते. १९९० च्या दशकात मुंबई-गोवा मार्गावर वेगवान कॅटामरान काही काळ चालली, परंतु ती मधल्या बंदरांच्या उतारूंसाठी नव्हती.

५. पूर्वतयारी आणि प्रवासातील आनंद

आगबोटीचा प्रवास गरजेचा होता हे खरे. परंतु गरजेच्या प्रवासात आनंद नसतो असे मानणे चुकीचे ठरेल. शिमगा किंवा मे महिन्याची सुट्टी यांसाठी गावी निघालेल्या गिरणी कामगाराच्या वर्षभरातील तीच एक मोकळी रात्र असे. डेकवर पथारी पसरून जागा धरणे, शेजारच्या कुटुंबाशी गावाच्या नात्याने ओळख काढणे, शिदोरी सोडणे, भजन म्हणणे, पहाटे ओळखीचा डोंगर दिसतो का म्हणून कठड्याशी उभे राहणे, या सर्व गोष्टी प्रवासाचा भाग होत्या. वरच्या वर्गाचे तिकीट काढणारे थोडे असत. बहुसंख्यांसाठी डेक हेच शयनगृह, भोजनगृह आणि करमणुकीचे ठिकाण होते.

या प्रवासाची तयारीही शास्त्रशुद्ध म्हणावी अशी होती. तिथी पाहून समुद्राचा अंदाज घेतला जाई. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पडावातून उतरणे धोक्याचे, हे अनुभवाने माहीत असे. पोटात हलके अन्न, बरोबर लिंबू किंवा आवळकाठी, वाऱ्यासाठी कानटोपी, सामानाला दोर, मुलांच्या कमरेला आईचा पदर, अशी व्यवस्था असे. मराठीत समुद्रावरील मळमळीला 'बोट लागणे' म्हणतात. हा शब्दप्रयोगच सांगतो की हा विकार समाजाच्या किती परिचयाचा होता. बोट लागलेल्या माणसाला मधोमध, मोकळ्या हवेत बसवावे आणि त्याने दूर क्षितिजाकडे पाहावे, हा वडीलधाऱ्यांचा सल्ला असे. जहाजाचा मध्यभाग कमी हलतो आणि स्थिर क्षितिजाकडे पाहिल्याने डोळा व कान यांच्या संवेदनांतील विसंगती कमी होते, हे आजचे स्पष्टीकरण त्या सल्ल्याशी जुळते.

येथे एका सामाजिक बाबीचा उल्लेख आवश्यक आहे. समुद्रयात्रा ही कलिवर्ज्य प्रकरणातील निषिद्ध गोष्ट मानली गेली होती आणि एकोणिसाव्या शतकात विलायतेहून परतणाऱ्यांना प्रायश्चित्ताचा प्रश्न भेडसावत असे. मात्र किनारी बोटीला हा निर्बंध व्यवहारात आड आला नाही. किनारा दिसत राहिला तर ती यात्रा परदेशाची नव्हे, गावची मानली गेली. त्यामुळे सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांनी एका डेकवर रात्र काढण्याचा प्रसंग या बोटींनी आणला. शिवाशिवीच्या त्या काळात ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

६. 'रामदास'ची आठवण

आनंदाच्या या इतिहासाला एक काळी किनार आहे. १९२७ च्या नोव्हेंबरमध्ये 'जयंती' आणि 'तुकाराम' या बोटी बुडाल्या. त्यानंतर वीस वर्षांनी, १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट मुंबईपासून थोड्याच अंतरावर काशाच्या खडकाजवळ बुडाली. दिवस आषाढ अमावास्येचा होता. बोटीवर सातशेच्या आसपास किंवा त्याहून अधिक माणसे होती आणि त्यांपैकी सहाशेहून अधिक मृत्युमुखी पडली. वादळी लाटांच्या माऱ्यात उतारू एका बाजूस धावले आणि बोट कलंडली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नसल्याने मुंबईत वार्ता उशिरा पोहोचली. रेवसच्या बाजूच्या कोळी बांधवांनी आपल्या होड्या घालून जेवढ्यांना वाचविता आले तेवढ्यांना वाचविले.

देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असताना कुलाबा जिल्ह्यातील अनेक घरांत सुतक होते. या दुर्घटनेतून निष्पन्न होणारे धडे आजही लागू आहेत. पावसाळी समुद्राशी पैज लावू नये. क्षमतेहून अधिक उतारू घेऊ नयेत. जीवरक्षक साधने केवळ असून भागत नाही, ती हाताशी असावी लागतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घबराटीत काय करावे हे उतारूंना आधी सांगितलेले असावे लागते.

जागतिक पातळीवर हाच धडा वेगळ्या मार्गाने शिकला गेला. १९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडाल्यानंतर १९१४ मध्ये सागरी जीवितसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे क्रूझ जहाज खडकावर आदळले. त्यानंतर नव्याने आलेल्या उतारूंची सुरक्षा-कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेण्याचा नियम झाला. क्रूझवरील अनेक पर्यटकांना ही कवायत कंटाळवाणी वाटते. ज्या जिल्ह्याने 'रामदास' पाहिली त्या जिल्ह्यातील माणसाला तरी ती तशी वाटू नये.

७. सहलीसाठी जहाज : कल्पनेचा उदय

कोठे तरी पोहोचण्यासाठी नव्हे, तर जहाजावर राहण्यासाठी प्रवास करणे, ही कल्पना युरोपात एकोणिसाव्या शतकात रुजली. १८४४ मध्ये पी. अँड ओ. कंपनीने भूमध्य समुद्रातील सागरी सफरींचा प्रचार सुरू केला. इंग्रज कादंबरीकार थॅकरे याने अशा सफरीचे वर्णन १८४६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. १८९१ मध्ये हॅम्बर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालिन याने हिवाळ्यात उतारूंअभावी रिकामे राहणारे 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' हे जहाज भूमध्य समुद्राच्या सहलीवर धाडले. या प्रयोगाच्या यशानंतर १९०० मध्ये 'प्रिंझेसिन व्हिक्टोरिया लुईझे' हे केवळ सहलीसाठी बांधलेले जहाज पाण्यात उतरले.

या इतिहासातील मुख्य मुद्दा असा की, क्रूझचा जन्म रिकाम्या जहाजातून झाला. नियमित उतारू कमी पडले म्हणून सहलीचे उतारू शोधले गेले. पुढे विमानांनी महासागरी प्रवास हिरावून घेतला, तेव्हा उरलेल्या प्रवासी जहाजांना सहलीखेरीज दुसरा आधार उरला नाही. कोकणात मात्र उलट घडले. रस्ता आणि रेल्वे यांनी उतारू हिरावल्यावर बोटींचे सहलीत रूपांतर झाले नाही, तर बोटीच थांबल्या. ज्या वर्गाला समुद्रसहलीची ओढ होती त्याच्या खिशात पैसा नव्हता आणि ज्याच्या खिशात पैसा होता त्याला कोकणचा समुद्र सहलीचा वाटत नव्हता, हे त्याचे एक संभाव्य कारण दिसते.

८. मुंबईतील क्रूझचे पुनरागमन

ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' हे जहाज सुरू झाले. कान्होजी आंग्रे यांचे आणि विजयदुर्गच्या पश्चिमेस समुद्रात बुडालेल्या प्रवाळ बेटाचे नाव या जहाजाला लाभले. जुन्या बोटीचा मार्ग आणि नव्या क्रूझची सोय यांची सांगड घालण्याचा तो प्रयत्न होता. २०१९ मध्ये 'कर्णिका' हे मोठे जहाज मुंबईहून सफरी करू लागले. २०२० च्या कोविड साथीने हे दोन्ही प्रयोग खंडित केले आणि 'कर्णिका' त्याच वर्षी अलंगच्या जहाजतोडणी किनाऱ्यावर पोहोचली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीच्या जहाजाने मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सफरी सुरू केल्या. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी 'क्रूझ भारत मिशन' मुंबईत जाहीर केले आणि २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे लक्ष्य ठेवले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले.

या घडामोडींमुळे तळ्यासारख्या तालुक्यातील नोकरदार, शिक्षक, व्यापारी किंवा मुंबईस्थित कुटुंबांनाही क्रूझ ही आवाक्यातील गोष्ट वाटू लागली. लग्नाचा वाढदिवस, सेवानिवृत्ती किंवा आईवडिलांची एकसष्टी यांसाठी सागरी सहलीचा विचार होऊ लागला, हा सामाजिक बदल नोंद घेण्याजोगा आहे.

९. पहिल्या क्रूझचे नियोजन : जुन्या अनुभवाच्या प्रकाशात

पहिल्या क्रूझच्या नियोजनात जे प्रश्न उद्भवतात त्यांपैकी बहुतेक प्रश्न जुन्या उतारूलाही पडलेले होते.

पहिला प्रश्न हंगामाचा. अरबी समुद्र ऑक्टोबर ते मे या काळात सामान्यतः प्रवासास अनुकूल असतो. त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने शांत असतात. पहिला प्रवास याच काळात आणि दोन-तीन रात्रींचा असावा. समुद्र मानवतो की नाही हे कळण्यास तेवढा अवधी पुरतो.

दुसरा प्रश्न जागेचा. पूर्वी डेकवर पथारीची जागा धरावी लागे, आज केबिन निवडावी लागते. आतील केबिन स्वस्त असते, पण तिला खिडकी नसते. खिडकीची केबिन त्याहून महाग आणि सज्जाची सर्वांत महाग असते. ज्यांना बोट लागते त्यांनी जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावरील केबिन घ्यावी, हा आजचा सल्ला वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याचाच नवा अवतार आहे. मळमळीवरील औषध वैद्यकीय सल्ल्याने जहाज सुटण्यापूर्वी घ्यावे. मळमळ सुरू झाल्यावर त्याचा उपयोग कमी होतो.

तिसरा प्रश्न खर्चाचा. जाहिरातीतील भाडे आणि प्रत्यक्ष खर्च यांत अंतर असते. बंदर शुल्क, वस्तू व सेवा कर, सेवकांची बक्षिसी, पेये, किनाऱ्यावरील सहली आणि इंटरनेट यांचा खर्च भाड्यात आहे की वेगळा, हे आरक्षणापूर्वी विचारून घ्यावे. आरक्षण रद्द केल्यास किती रक्कम परत मिळते हेही पाहावे. तळा परिसरातून निघणाऱ्याने मुंबईपर्यंतचा प्रवास हिशेबात धरणे आवश्यक आहे. महामार्गाच्या भरवशावर जहाजाच्या वेळेला निघण्यापेक्षा आदल्या दिवशी मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करणे शहाणपणाचे ठरते, कारण जहाज उतारूसाठी थांबत नाही.

चौथा प्रश्न कागदपत्रांचा. देशांतर्गत सफरीसाठी शासनमान्य छायाचित्र ओळखपत्र लागते, परदेशी बंदर असेल तर पारपत्र व त्या देशाच्या नियमांप्रमाणे प्रवेशपत्र लागते. ज्येष्ठांनी आपली नेहमीची औषधे मोठ्या सामानात न ठेवता हातातील पिशवीत ठेवावीत. मोठे सामान केबिनमध्ये पोहोचण्यास वेळ लागतो.

राहिला आनंदाचा प्रश्न. क्रूझवर खाणे, पोहण्याचा तलाव, नाटक, संगीत यांची रेलचेल असते आणि नवखा प्रवासी दिलेल्या पैशांची वसुली करण्याच्या नादात सर्वत्र धावतो. त्यामुळे समुद्र पाहण्याचेच राहून जाते. जुन्या बोटीवर करमणुकीची साधने नव्हती, म्हणून माणसे समुद्र, आकाश आणि शेजारी यांच्याकडे पाहत. पहाटेचा एक तास आणि सूर्यास्ताचा एक तास मोकळ्या डेकसाठी राखून ठेवणे, हा क्रूझच्या आनंदाचा सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत टिकाऊ भाग होय.

१०. किनाऱ्यापासून दुरावलेले जहाज

जुनी बोट आणि नवी क्रूझ यांतील सर्वांत मोठा फरक सोयींचा नसून थांब्यांचा आहे. जुनी बोट किनाऱ्याच्या हाकेच्या अंतरावरून जाई आणि लहान बंदरातही थांबे. त्या थांब्यावर पडाववाल्याची मजुरी, खानावळवाल्याचे जेवण आणि बैलगाडीवाल्याचे भाडे अवलंबून होते. बोट उशिरा आली तर सारे बंदर जागे राही. आजची क्रूझ सायंकाळी मुंबई सोडते आणि सकाळी गोव्याच्या बाजूस पोहोचते. चौल, जंजिरा, राजपुरी खाडीचे मुख हा सारा टापू ती अंधार पडल्यावर मागे टाकते. जहाजावरील रायगडकराला आपला जिल्हा दिसत नाही आणि किनाऱ्यावरील कोळ्याला दूरवर दिव्यांची एक रांग सरकताना दिसते, तेवढाच काय तो दोहोंचा संबंध.

हे अंतर कमी करण्याचे मार्ग नाहीत असे नाही. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि रायगडचा समुद्रमार्ग पुन्हा व्यवहारात आला. आगरदांडा ते दिघी ही फेरीबोट राजपुरी खाडीच्या मुखावर माणसे व वाहने पलीकडे नेते. कुडे लेणी, तळगड, मांदाडची खाडी व तिवरांची वने आणि जंजिरा यांची एका दिवसाची जलसफर आखता येण्याजोगी आहे. मोठ्या जहाजाला आत येण्याएवढे पाणी नाही ही अडचण खरी, परंतु मोठे जहाज बाहेर उभे करून लहान होड्यांनी उतारू आणणे ही तर या किनाऱ्याची जुनीच रीत होती. जगातील अनेक क्रूझ बंदरांत आजही हीच पद्धत चालते. मात्र असा विचार करताना मासेमारीची जागा, तिवरे आणि लेण्यांची शांतता यांना धक्का लागणार नाही, याची काळजी आधी घ्यावी लागेल. स्थानिकांच्या होड्या, स्थानिकांची जेवणे आणि स्थानिक मार्गदर्शक यांना वाटा नसेल तर अशा सफरीचा किनाऱ्याला उपयोग नाही.

११. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) तळा परिसर डोंगराळ असला तरी राजपुरी खाडीमुळे त्याचा पूर्वेतिहास सागरी आहे. कुडे लेणी, मांदाड बंदर आणि तळगड हे त्याचे पुरावे होत.

२) कोकणातील सर्वसामान्यांचा सामूहिक सागरी प्रवास आगबोटीतून झाला. तो गरजेचा असूनही आनंदाला पारखा नव्हता.

३) पहिल्या क्रूझच्या नियोजनातील हंगाम, जागा, प्रकृती आणि सुरक्षितता हे प्रश्न नवे नाहीत. त्यांची उत्तरे किनाऱ्यावरील जुन्या अनुभवात बऱ्याच अंशी सापडतात.

४) 'जयंती', 'तुकाराम' आणि 'रामदास' यांच्या दुर्घटनांचे स्मरण हे सागरी पर्यटनाच्या वाढीतील अडथळा नसून तिची पूर्वअट आहे.

५) आजचे क्रूझ पर्यटन कोकणच्या समुद्राचा वापर करते, पण लहान बंदरांना त्यात स्थान देत नाही. धोरण आखताना या उणिवेचा विचार होणे आवश्यक आहे.

ज्या कुटुंबाच्या आजोबांनी डेकवर पथारी पसरून रात्र काढली, त्याच कुटुंबातील नातवंडे आज केबिनच्या खिडकीतून तोच समुद्र पाहतात. ही प्रगती निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु आजोबांना बोटीवरून आपले गाव दिसत होते. नातवंडांनाही ते दिसावे, एवढी अपेक्षा कोकणच्या सागरी पर्यटनाकडून ठेवणे गैर ठरू नये.